गल्लीतल्या बकऱ्या कशाने मेल्या

लाखनीत महामार्गापासून थोडे आत आमची गल्ली आहे. तिच्या टोकाला, माझ्या घराला लागून, एक रिकामा प्लॉट आहे. तिथे एक बाई राहत होत्या. त्यांनी करणी करून गल्लीतल्या बकऱ्या मारल्या आणि म्हणून त्यांना जावे लागले, असे आमच्याकडे अजून बोलतात. जे बोलतात त्यातल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलेही नाही. मी पाहिले आहे. मी त्यांचा शेजारी होतो. त्यांनी काही केले नव्हते, आणि हे मला तेव्हाच, त्याच उन्हाळ्यात, पक्के माहीत होते. सांगायचे राहून गेले असे मी म्हणणार नाही. मी सांगितले नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे घर बांधले. शाळेत विज्ञान शिकवत होतो. घरामागे वाडीपुरती जागा होती, तिच्यात वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि कडेने चार गुलाब, असे माझ्या मनात होते. त्या वेळी विटांची भिंत कोणालाच परवडत नव्हती. प्रत्येक घराचे कुंपण वेगळे होते. एकाकडे बोरीच्या काट्या रचलेल्या, धान कापून झाले की दरवर्षी नव्याने रचायच्या, कारण तोवर खालच्या काट्या उधळीने, म्हणजे वाळवीने, खाल्लेल्या असत. एकाकडे चंद्रज्योत होती. तिचा चीक काडीच्या फासात धरून पोरे फुगे उडवीत. एका म्हाताऱ्या जोडप्याने निर्गुडी लावली होती, कुंपणाचे कुंपण आणि गुडघ्यांना शेकायला पाला. तहसीलमधल्या कारकुनाकडे कण्हेर आणि जास्वंद एकाआड एक होती, आणि सकाळी देवाच्या फुलांसाठी त्याच्या कुंपणावर बायकांची भांडणे होत.

माझ्या आणि शेजारच्या बाईंच्या मध्ये मेंदी होती. चाळीसेक फूट लांब आणि माणसाच्या उंचीची. त्यांच्या नवऱ्याने ती बी टाकून लावली होती. नवरा वारल्यानंतर त्या एकट्याच राहत. मुलगी दूर बपेऱ्याला दिली होती. वय पंचावन्न-साठ असेल. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. नागपंचमीच्या आधी पोरी टोपल्या घेऊन यायच्या, आणि मावशी ओट्यावर बसून ओरडायच्या, "शेंडा घ्या वो पोरींनो, खांदी नका मोडू! खांदी मोडली तं नवरा काळा भेटन!" पोरी हसत आणि मुद्दाम एखादी फांदी मोडत. पाला वाटायला पाटाही मावशींचाच.

त्या मेंदीवर माझा राग होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. जुनी मेंदी खालून उघडी पडते. वर दाट, पण जमिनीपासून दोन हात नुसत्या काड्या. मावशींच्या तीन बकऱ्या त्यातून आरामात माझ्या वाडीत येत.

"मावशी, तुमची बकरी पुन्हा माझ्या टमाटरात."

"अवो गुरुजी, बकरीले काय समजते तुमचं विज्ञान? तिले हिरवं दिसलं का ते चालली."

"मग बांधून ठेवा ना."

"ठेवीन जी. तुमच्या टमाटरासाठी जनावराले जन्मठेप."

बोलल्या हसत, पण त्या दिवसापासून त्यांनी बकऱ्या खरेच बांधल्या. दारात फणसाचे मोठे झाड होते. त्याचा पाला तोडून त्या बकऱ्यांना बांधल्या जागी घालू लागल्या.

पण गल्लीतल्या इतरांच्या बकऱ्या आणि कोंबड्या येतच राहिल्या. मेंदी गुडघ्याएवढी छाटू द्या, म्हणजे खालून फुटेल, असे मी मावशींना सांगून पाहिले. ते शास्त्राप्रमाणे बरोबरच होते. त्या म्हणाल्या, "लावणारा गेला. मी जित्ती हाओ तवरक तिले कुऱ्हाड नाही लागू देणार." मला ते अडाणीपणाचे वाटले. मग मी कालव्याच्या कडेला गेलो आणि सायकलच्या कॅरिअरवर बेशरमाच्या काड्यांचा भारा बांधून आणला.

बेशरम आमच्याकडे तलावाच्या, कालव्याच्या काठाने माजलेले असते. जांभळट गुलाबी फुले, पोकळ काड्या, तोडल्या की पांढरा चीक. काडी ओल्या जमिनीत नुसती खोचली तरी महिन्यात धरते. मी मेंदीला लागून, माझ्या बाजूने, वीत वीत अंतरावर खोचत गेलो. समोरच्या घरी राहणारा राईस मिलमधला फिटर रस्त्यातून पाहत होता.

"काय जी गुरुजी, शिकलेल्या माणसाच्या दारी बेशरम?"

"हसा. वर्षभरात तुम्हीच मागायला याल. पाणी लागत नाही, खत लागत नाही. आणि मुख्य म्हणजे कोणतं जनावर त्याला तोंड लावत नाही."

आमच्याकडे कुंपणाची परीक्षा हीच. जे जनावर खात नाही ते कुंपण चांगले. ते का खात नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने स्वतःला विचारायला हवे होते. झाडाला चीक आहे, वास उग्र आहे, एवढ्यावर मी समाधान मानले.

फिटर खरोखरच पुढच्या पावसाळ्यात मागायला आला. मग निर्गुडीवाले, मग काट्यावाले. दोन वर्षांत मावशींचे घर सोडून सगळी गल्ली माझ्याच काड्यांनी वेढली होती. मी घराघरांत जाऊन कसे खोचायचे ते दाखवत होतो. लोक म्हणत, गुरुजींनी काम चांगलं केलं. मला ते फार आवडत असे.

मेंदी मात्र दबली. माझ्या बाजूने बेशरम डोक्यावर चढले, तिला ऊन मिळेना. पहिल्या वर्षी पाने पिवळी पडली, दुसऱ्या वर्षी अर्धी ओळ वाळली. त्या वर्षी नागपंचमीला पोरी आल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या. मावशी त्या दिवशी रस्त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. माझ्या दाराकडे पाहून नव्हे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलल्या.

"माह्या माणसाच्या हातचं हिरवं मारलं तुम्ही लोकायनं! आन् ज्याच्या त्याच्या दारी हे लावून राहिले. पाहजा, हेच कुंपण तुमचं घर खाईन. नाही खाल्लं तं मले सांगजा!"

मी आत खिडकीपाशी होतो. बाहेर आलो नाही.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस कमी झाला. धान हातचे गेले, तलाव होळीच्या आधीच तळाला लागला. एप्रिल-मेमध्ये गल्लीत आणि भोवताली मोकळ्या जनावराच्या तोंडाला येईल असे हिरवे एकच उरले, ते म्हणजे आमची कुंपणे. लोकांनी बकऱ्या मोकळ्या सोडल्या, काय मिळेल ते खातील म्हणून. आधी त्या बेशरमाकडे फिरकल्या नाहीत. मग एकीने तोंड लावले. मी स्वतः पाहिले, फिटरची पांढरी बकरी माझ्या कुंपणाचे शेंडे कुरतडत होती. मी तिला हाकलले, पण माझ्या कुंपणासाठी, बकरीसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच जागी. चटक लागल्यासारखी.

महिन्याभरात बकऱ्या वाळल्या. मान थरथरू लागली, मागचे पाय लटपटत. उभ्या उभ्या एका अंगाला झुकायच्या आणि पडायच्या. पहिली मेली ती फिटरचीच पांढरी. त्याच्या घरी आई नसलेले नातवंड होते, ते तिच्याच दुधावर होते. मग निर्गुडीवाल्यांच्या दोन मेल्या. मग रोज कोणाच्या तरी दारी बायका बकरीच्या अंगावरून मिरच्या ओवाळत होत्या.

मावशींच्या तीन बकऱ्या मात्र ठणठणीत होत्या. दारात बांधलेल्या, फणसाचा पाला खाणाऱ्या. मीच बांधायला लावलेल्या.

"तिच्या बकऱ्या पाहा कशा चमकून राहिल्या," लोक म्हणू लागले. "आन् आपल्याच काहून मरून राहिल्या?"

मावशी रस्त्यात बोलल्या होत्या ते सगळ्यांना शब्दाशब्दाने आठवू लागले.

गुरांच्या दवाखान्यात तेव्हा एक परगावचा स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस, होता, माझ्याच वयाचा. त्याने निर्गुडीवाल्यांची दुसरी बकरी फाडून पाहिली. त्याच दुपारी तो सायकल घेऊन शाळेत आला आणि मला व्हरांड्यात बोलावले.

"गुरुजी, नजर-बिजर काही नाही. पोटात बेशरमाचीच पानं निघाली. थोडं खाल्लं तर जनावर सोडून देतं, पण भुकेलं जनावर एकदा चाखलं की तेच मागतं. नसा खराब होतात. कुंपणं तोडायला सांगा लोकांना, उरलेल्या वाचतील."

"तुम्हीच का नाही सांगत?"

"मी बाहेरचा. उद्या बदली झाली की गेलो. तुमचं ऐकतात. आणि त्या बाईबद्दल काय काय बोलून राहिले ते ऐकलं मी. लवकर सांगा."

मी सांगतो म्हणालो. खरेच सांगणार होतो. घरी येताना शब्द जुळवत होतो. पण प्रत्येक वेळी वाक्य एकाच जागी येऊन अडायचे. बेशरम विषारी आहे म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग ते दारोदार लावले कोणी? फिटरचे नातवंड माझ्या डोळ्यांसमोर होते. दोन दिवस थांबू, लोक शांत झाले की सांगू, असे मी ठरवले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे गल्ली जमली. मावशींना बोलावले नव्हते. फिटर उभा होता, डोळे लाल.

"माह्या नातवाचं दूध तोडलं तिनं. आता अजून कोणाचं काय तोडावं लागते, तिले विचारा. एक तं ती राहीन, नाही तं आपण."

कोणीतरी म्हणाले, "अरे पण बाई तशी नाही."

"तशी नाही? भर रस्त्यात बोलली ना, घर खाईन म्हणून?" तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुम्ही तिचे शेजारी. तुम्ही खोटं बोलत नाही. सांगा, ती बोलली होती का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "बोलली होती."

एवढेच. दोन शब्द, आणि दोन्ही खरे. माझ्या सबंध आयुष्यात मी इतके मोठे खोटे बोललो नाही.

त्यानंतर काय झाले तेही लिहितो. मावशी विहिरीवर आल्या की बायका बाजूला होत. दुकानदार त्यांच्याशी नजर चुकवून बोले. पोरे त्यांच्या दारात दगड टाकून पळत. एकदा विहिरीच्या काठावर ठेवलेल्या त्यांच्या भरल्या घागरीत कोणी शेण कालवले. त्या घागर तिथेच ओतून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे सगळ्यांच्या आधी पाणी आणू लागल्या. माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही काही बोला ना." मी तिच्यावर खेकसलो. स्टॉकमनने सांगितलेले मी तिलाही सांगितले नव्हते.

जूनच्या सुरुवातीला मावशींचा जावई बपेऱ्याहून आला. सामान थोडेच होते. बकऱ्या टेम्पोत चढवल्यावर मावशी मेंदीच्या वाळलेल्या काड्यांपाशी आल्या आणि पलीकडून मला हाक मारली.

"गुरुजी, जाऊन राहिली जी. फणसं पिकले का तोडून घेजा, पोरायले देजा. वाया नको जाऊ देजा." मग म्हणाल्या, "सगळे काही ना काही बोलले. तुम्ही तेवढे माह्यावर बोलले नाही. देव तुम्हाले बरं ठेवो."

देवळापुढे काय झाले ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी "बरं मावशी, सांभाळून जा" म्हणालो.

पंधरा दिवसांत पाऊस लागला. गवत आले, बकऱ्या गवताला लागल्या, उरलेल्या सावरल्या. गल्लीला आणखी काय पुरावा हवा होता? "बुढी गेली आन् बकऱ्या वाचल्या," असे लोक माझ्या तोंडावर म्हणत आणि मी मान हलवत असे. दिवाळीच्या सुटीत मी माझे बेशरम मुळासकट खणून काढले. साप निघतात, असे लोकांना सांगितले. सापाला भिऊन इतरांनीही काढले. म्हणजे बकऱ्या वाचवायला मला खरे कारण सांगावे लागलेच नाही. खोट्या कारणाने काम भागले. तेव्हा मी याला युक्ती समजलो होतो.

पुढे गल्लीत तार आली, मग छाटलेल्या दुरांताच्या कुंपणाची फॅशन आली, हळूहळू भिंती आल्या. मी मुख्याध्यापक झालो.

ऐंशीच्या दशकात एकदा निवडणुकीच्या कामासाठी मला तुमसर तालुक्यात पाठवले. केंद्र बपेऱ्यापासून जवळ होते. काम संपल्यावर मी विचारत विचारत मावशींच्या मुलीच्या घरी गेलो. मावशी अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखले.

"अगा माय, गुरुजी! म्हातारे झाले ना जी तुम्ही. बसा."

मी बसलो आणि सगळे सांगितले. स्टॉकमन, पोटातली पाने, देवळापुढचे माझे दोन शब्द. सांगताना मला रडू आले. त्यांचे सूप थांबले नाही. माझे संपल्यावर त्यांनी खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "झालं?"

"हो."

"हे मले कायले सांगता? मी नाही केलं, हे मले तं माहीतच होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा. तिकडं."

मुलीने चहा आणला. मावशी तो होईपर्यंत गाईचे, पावसाचे बोलल्या. निघताना मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "आधी तिकडं सांगा," म्हणाल्या, "मंग या."

मी पुन्हा गेलो नाही, कारण इकडे सांगितले नव्हते. येताना बसमध्ये मन हलके वाटत होते याची मला आज जास्त लाज वाटते. वाटले, जिला सांगायचे तिला सांगून झाले. मग शाळा, मुलींची लग्ने, प्रत्येक वर्षी एक नवे कारण. काही वर्षांनी बपेऱ्याकडच्या एका मास्तराकडून कळले की मावशी वारल्या.

गेल्या हिवाळ्यात मी फिटरकडे गेलो. तो आता नव्वदीला आला आहे, उन्हात खाटेवर पडून असतो, पण डोके शाबूत आहे. त्याला सांगितले. त्याने विचारले,

"पानं निघाली होती पोटातून?"

"हो."

"आन् तुम्हाले माहीत होतं. त्या रोजी."

"हो."

"गुरुजी, तिच्या घागरीत शेण मी टाकलं होतं." तो उठून बसला. "तुम्ही एवढं जरी म्हणले असते, का अरे थांब, पानं निघाली, तं मी टाकलं असतं काय? माह्या हातून काहून करवलं तुम्ही हे?"

इतकी वर्षे मी एकाच माणसाचे नुकसान मोजत होतो.

त्यानेच मला देवळापुढे चला म्हटले. शनिवारी त्याच्या सुनेने आणि मी त्याला धरून नेले. आरतीनंतर अकरा लोक थांबले. मी सांगितले, मग त्याने त्याचे सांगितले, आणि सांगताना तो रडला. लोकांनी त्याला पाणी दिले, पाठीवर हात फिरवला. मला कोणी काही म्हणाले नाही. एका बाईने फक्त विचारले, "एवढे दिवस तुम्हाले झोप कशी लागली जी?" मी खरे ते सांगितले, की बहुतेक दिवस लागत होती.

मग मी बपेऱ्याला गेलो. मावशींची मुलगी आता स्वतः म्हातारी आहे. मला पाहून तिने बसा म्हटले नाही.

"माय मरताना म्हणाली होती, ते गुरुजी आले का एकच विचारजो. तिकडं सांगितलं का?"

"सांगितलं."

"किती लोक होते?"

"अकरा."

"आन् मायले काढलं तवा?"

"सगळी गल्ली होती," मी म्हणालो.

ती दारातच उभी राहिली. मी तिला म्हणालो की बरेच लोक आता हयात नाहीत, काही नागपूरला गेले, काही भिलाईला, त्यांची मुले कुठे आहेत मला माहीत नाही.

"मंग पाहा तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांना शोधायला माझ्यात आता चालण्याची ताकद नाही, म्हणून हे लिहिले. ज्यांच्या घरच्या बकऱ्या त्या उन्हाळ्यात लाखनीतल्या आमच्या गल्लीत मेल्या, त्यांच्या मुला-नातवंडांनी हे वाचावे. त्या बेशरमाच्या कुंपणाने मेल्या. कुंपण मी लावले होते, आणि लावायला मीच सांगितले होते. टोकाच्या घरातल्या मावशींनी काही केले नव्हते.